वडिलांच्या ६८ मिनीडीव्ही कॅसेट्स: डबा नंतर, आधी कॅमेरा शोधा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या वडिलांनी २००३ ते २००९ या काळात कुडाळ-सावंतवाडी भागातल्या जत्रांतले दशावतारी नाटकांचे प्रयोग स्वतःच्या हौसेने शूट केले. त्याच्या ६८ मिनीडीव्ही कॅसेट्स, म्हणजे हँडीकॅममध्ये घालायच्या छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट्स, गावच्या घरी लोखंडी कपाटात आहेत. काहींच्या खिडकीतून आत पांढरट डाग दिसतात. पाऊस तोंडावर आलाय, तर त्या कशात ठेवाव्यात, आणि चांगल्या कंपनीच्या नव्या कॅसेट्स घेऊन त्यांवर कॉपी करून ठेवल्या तर आणखी वीस वर्षं टिकतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात लग्नाची शूटिंग करत आलो. सुरुवात व्हीएचएसवर झाली, २००२ पासून पुढची जवळपास दहा वर्षं सगळं काम मिनीडीव्हीवर केलं, आणि हल्ली माझं अर्धं काम लोकांच्या जुन्या कॅसेट्स कॅप्चर करून, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून, देण्याचं आहे. त्या अनुभवावरून सांगतो की कपाटाचा प्रश्न खरा असला तरी तो दुसऱ्या नंबरचा आहे. नीट ठेवलेली टेप अजून काही वर्षं तग धरेल. ती वाचणारा कॅमेरा धरणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांची कॅसेट ठणठणीत असते आणि कॅमेरा भंगारात गेलेला असतो. त्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, मिळत नाही, आतले रबरी रोलर मिळत नाहीत, आणि दुरुस्त करणारी माणसंही आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणून पावसाळ्यापुरती कॅसेट्सची सोय करा, पण वीस वर्षं ठेवण्याचा बेत करू नका. येत्या वर्षभरात त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्याच, असं ठरवा.

नव्या कॅसेट्सचं आधी मिटवतो. सोनीने रेकॉर्डिंगच्या मिनीडीव्ही कॅसेट्सचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. बाजारात जे मिळतं तो पडून राहिलेला माल आहे, आणि त्यातला कुठला कोणाच्या गोदामात किती उन्हाळे राहिला हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. शिवाय कॅसेटवरून कॅसेटवर कॉपी करायला दोन चालू कॅमेरे लागतील, आणि एवढं करून पुन्हा त्याच प्रश्नापाशी याल. तो पैसा हार्ड डिस्कमध्ये घाला.

कोणाला अजूनही मिनीडीव्हीवर शूट करायचंच असेल तर माझा रिवाज सांगतो. सीलबंद पाकीट घ्या. ६० मिनिटांची घ्या, ८० मिनिटांची नको. त्याच मापाच्या डबीत जास्त लांबी बसवायची म्हणून तिची टेप आणखी पातळ केलेली असते. आणि एका कॅमेऱ्यात शेवटपर्यंत एकाच कंपनीची कॅसेट वापरा. टेपवर वंगणाचा थर असतो आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. दोन जातींचं वंगण हेडवर एकत्र आलं की चिकटा धरतो, असं आमच्या धंद्यात पहिल्यापासून मानतात. मी सोनीच्या कॅमेऱ्यात सोनीच वापरली आणि लग्नाच्या भर मुहूर्तावर हेड जाम होण्याची वेळ माझ्यावर आली नाही.

आता तुमच्या कॅसेट्सकडे येतो. एवढी काळजी का, ते समजायला आत काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. टेप रुंदीला पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. जाडी सात मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी. तिच्यावर निर्वात भट्टीत धातूची वाफ धरवून थर दिलेला असतो, आणि त्या थरावर तिरप्या रेघांत चित्र लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एका फ्रेमला अशा १२ रेघा, प्रत्येकीची रुंदी १० मायक्रॉन. मिनिटाला ९००० फेरे घेणारा, हेड बसवलेला ड्रम त्या वाचतो. इतक्या बारीक कामात धुळीचा एक कण किंवा बुरशीचा एक तंतू आला तरी चित्रात चौकोन फुटतात आणि आवाज तुटतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता मला दिसते. दशावतार रात्रभर चालतो, आणि एकट्या माणसाला दर तासाला कॅसेट बदलणं जिवावर येतं. तेव्हा हौशी शूटिंग करणारे बरेच जण कॅमेरा नेहमीच्या एसपीऐवजी (स्टँडर्ड प्ले) एलपीवर (लाँग प्ले) टाकायचे, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटं मावतात. एलपीत चित्राचा दर्जा कमी होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. फक्त रेघा अरुंद होतात, १० ऐवजी पावणेसात मायक्रॉनच्या आत. तोटा असा की एका कॅमेऱ्याने लिहिलेल्या अरुंद रेघा दुसऱ्या कॅमेऱ्याला नीट सापडतीलच असं नाही. कित्येक व्यावसायिक डेक तर एलपी वाचतच नाहीत. म्हणून तुमचा सर्वांत मोलाचा ऐवज कपाटातल्या कॅसेट्सबरोबर वडिलांचा तो कॅमेराही आहे. माळ्यावर, ट्रंकेत, भावाच्या घरी, जिथे असेल तिथून शोधून काढा. बॅटरी मेली असेल तर हरकत नाही, चार्जर थेट लावून तो चालतो. बंद पडलेला असला तरी देऊन टाकू नका. दुरुस्त होण्याची थोडी जरी आशा असली तरी पहिला खर्च त्याच्यावर करा. शेवटच्या काही वर्षांच्या कॅसेट्स त्यांनी वेगळ्या, एचडीव्ही (त्याच कॅसेटवर हाय-डेफिनिशन चित्र लिहिणाऱ्या) कॅमेऱ्याने शूट केल्या असतील तर त्या साध्या डीव्ही कॅमेऱ्यात दिसणारच नाहीत. तिथे एचडीव्ही कॅमेराच लागेल. तो जुन्या डीव्हीही वाचतो.

कॅमेरा सापडला की लगेच कॅसेट घालून बघण्याचा मोह होईल. तो आवरा. २०११ च्या ऑगस्टमध्ये एक गृहस्थ रत्नागिरीहून पिशवीभर कॅसेट्स घेऊन आले होते. मुलाच्या मुंजीची कॅसेट आधी बघू या म्हणाले, आणि मी ती उजेडात न धरता कॅमेऱ्यात घातली. चार मिनिटं चित्र छान आलं, मग चौकोन, मग निळा पडदा. उघडून पाहिलं तर ड्रमच्या कडेला पिठासारखी पांढरी भुकटी. हेड साफ केलं आणि दुसरी कॅसेट लावली. पण भुकटी फक्त हेडवर नव्हती, रोलरवरही होती, आणि ती त्या दुसऱ्या, तोवर स्वच्छ असलेल्या कॅसेटला लागली. मुंजीतला मातृभोजनाचा भाग मला त्यांना देता आला नाही. त्या दिवसापासून खिडकीतून पाहिल्याशिवाय एकही कॅसेट मी आत सोडत नाही.

पाहायचं कसं ते सांगतो, हे तुम्ही घरी करू शकता. हात धुऊन कोरडे करा. टेबलावर धुतलेलं पांढरं सुती कापड अंथरा आणि एक चांगला टॉर्च घ्या. कॅसेट खिडकी वर करून धरा आणि उजेड तिरपा टाका. गुंडाळलेल्या टेपची कड ग्रामोफोनच्या तबकडीसारखी सपाट आणि एकसारखी काळी-करडी दिसली पाहिजे. मध्येच एखादी वर्तुळाकार पायरी दिसली तर टेप कुठेतरी असमान गुंडाळली गेली आहे. घाबरण्यासारखं नाही, पण नोंद करा. कडेवर कापसासारखे तंतू, पांढरे ठिपके किंवा राखेसारखा पट्टा दिसला तर ती बुरशी. मग समोरचं झाकण उघडून बघा. बाजूला एक बारीक खिट्टी असते, ती दाबली की झाकण उचलतं. आतली टेप आरशासारखी चकचकीत हवी. सुरकुती, चुरगळलेली कड किंवा निस्तेज डाग असतील तर बोट न लावता झाकण मिटवा. टेपच्या चकचकीत बाजूला बोटाचा तेलकटपणा लागला की तो पुसून निघत नाही, पुसायला गेलं की पसरतो.

अशा पाहणीतून तीन गठ्ठे होतील: स्वच्छ, शंकास्पद आणि बुरशी धरलेल्या. बुरशीवाल्या लगेच वेगळ्या पिशवीत घालून वेगळ्या खोलीत ठेवा, आणि त्या हाताळताना तोंडाला मास्क बांधा, कारण ती भुकटी श्वासात जाते. त्या घरच्या कॅमेऱ्यात घालायच्या नाहीत. आधी त्यांची ओल काढावी लागते, मग टेप हेडपासून दूर ठेवून, वेगळ्या यंत्रावर फिरवत कोरडी साफ करावी लागते. हे काम नियमित करणाऱ्यांकडेच द्या, आणि देताना विचारा की साफ करायला आणि वाचायला त्यांच्याकडे वेगवेगळी यंत्रं आहेत का. एकाच कॅमेऱ्यात घालून बघतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

ठेवण्याचं आता सांगतो. बरीच अभिलेखागारं साधारण १८ ते २० अंश तापमान आणि ३० ते ४० टक्के आर्द्रता पाळतात. कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते, त्यामुळे खोली तशी करणं घरगुती माणसाच्या आवाक्यातलं नाही. पण डबा तसा करता येतो. रबरी पट्टीचं, चारही बाजूंनी खटके लागणारं झाकण असलेले प्लास्टिकचे हवाबंद डबे घ्या. प्रत्येक दहा लिटरच्या डब्यात दीडशे-दोनशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओल शोषून भरलं की कळतं आणि तापवून पुन्हा वापरता येतं. सोबत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर ठेवा. ते काही शेकड्यांत मिळतं, आणि तुम्हाला अंदाजाऐवजी आकडा दिसतो. ३५ ते ४५ टक्क्यांच्या मध्ये आकडा राहिला की निर्धास्त राहा. बंद करण्यासाठी कोरडा दिवस निवडा. दमट हवेत बंद केलेला डबा ओलच कोंडून ठेवतो.

कॅसेट्स आपापल्या प्लास्टिकच्या डबीत, पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या लावा. आडव्या एकावर एक रचल्या की टेपच्या वेटोळ्यांचा भार कडेवर येतो. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर ते हाताचा पंजा मावेल इतकं पुढे ओढा, कारण पावसाळ्यात ती भिंत गार पडते आणि कपाटाच्या पत्र्याला आतून पाणी सुटतं. कपडे ठेवताना घालतो तशा डांबराच्या गोळ्या यात टाकू नका, प्लास्टिकला त्यांच्या वाफा मानवत नाहीत. तांदळात तर मुळीच ठेवू नका. तांदळाचं पीठ आणि सोंडे हे दोन नवे शत्रू मिळतील. फ्रिजही नको.

चुंबकाची भीती लोकांना फार असते. मोठ्या स्पीकरला चिकटून ठेवू नका, एवढं पुरे. वीतभर अंतर असलं की बास. विमानतळावरच्या एक्स-रेने टेपला काही होत नाही. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या पिशवीला मात्र होतं.

कॅप्चर करण्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण नुकसान सर्वांत जास्त इथे होतं, तेही लोकांच्या लक्षात न येता. मिनीडीव्हीवर चित्र आधीच डिजिटल आहे. फायरवायरच्या (कॅमेरा कॉम्प्युटरला डिजिटल जोडणाऱ्या) केबलने ते आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरवर येतात, काही झिजत नाही. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलने किंवा स्वस्तातल्या यूएसबी डोंगलने घेतलं तर आधी डिजिटलचं अॅनालॉग होतं, मग पुन्हा डिजिटल, आणि दोन्ही वेळा गळती होते. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक आहे म्हणून त्यातून घेऊ, असंही करू नका. बहुतेक डीव्ही कॅमेऱ्यांत ते फोटो काढून घेण्यापुरतं किंवा कमी दर्जाच्या चित्रापुरतं असतं.

तुमच्यासाठी फायरवायरचं आणखी एक मोल आहे. डीव्हीत प्रत्येक फ्रेमबरोबर शूटिंगची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. पडद्यावर ती दिसत नाही, पण कॅमेऱ्याचं डेटा कोडचं बटण दाबलं की दिसते, आणि फायरवायरने घेतलेल्या फाइलमध्ये शाबूत राहते. पिवळ्या केबलने घेतलेल्या फाइलमध्ये ती येतच नाही. कॅसेटवर नुसतं 'जत्रा, २/३' लिहिलेलं असेल, तर ती तारीख पंचांगाशी ताडून कुठल्या गावची जत्रा हे तुम्हाला काढता येईल. अट एवढीच की वडिलांनी कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं हवं. चार-पाच कॅसेट्सवर सगळीकडे एकच जुनाट तारीख दिसली तर घड्याळाची बॅटरी गेलेली होती असं समजा.

त्यासाठी कॉम्प्युटर कुठला हवा, हे तुमच्याकडे काय आहे त्यावर आहे. नव्या लॅपटॉपवर फायरवायर नसतं, आणि अॅपलने २०२५ च्या मॅकओएस २६ मध्ये त्याचा आधारच काढून टाकला. जुना डेस्कटॉप आणि त्यात फायरवायर कार्ड, हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा आणि स्वस्त मार्ग. केबल लावताना कॅमेरा बंद ठेवा. पिन उलटी घुसवली किंवा चालू असताना ओढली तर पोर्ट जळू शकतो, आणि कॅमेऱ्याचा पोर्ट जळाला की तो कॅमेरा आपल्या कामातून गेला. तुमच्याकडे वीज जाते-येते, म्हणून कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर घ्या. टेप ड्रमभोवती गुंडाळलेली असताना वीज गेली तर ती तिथेच अडकून बसते आणि ओढून काढताना चुरगळते.

पहिली कॅसेट कमी महत्त्वाची आणि स्वच्छ गठ्ठ्यातली घ्या, कॅमेऱ्याची परीक्षा तिच्यावर होऊ दे. ती नीट चालली की सर्वांत मोलाच्या स्वच्छ कॅसेट्स लगेच उरका, कारण कॅमेरा कधी दगा देईल सांगता येत नाही. शंकास्पद सर्वांत शेवटी. प्रत्येक कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे न्या, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप मोकळी होते. नेताना आवाज जड आला किंवा वेग मंदावला तर तिथेच थांबा. कॅसेट एकदाच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता कॅप्चर करा. मागे-पुढे करून गंमत बघायची ती फाइलवर बघा. पडद्यावर थेंबाचं चिन्ह आलं तर आत दंव धरलंय. कॅसेट काढून झाकण उघडं ठेवा आणि तासभर हात लावू नका. एसीच्या खोलीतून दमट ओसरीवर आणलेल्या कॅमेऱ्याला हे हमखास होतं. हेड क्लिनरची कोरडी कॅसेट दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, ती हेड घासूनच साफ करते. आणि दिवसाचं काम संपलं की कॅसेट कॅमेऱ्यात ठेवून झोपू नका.

जागेचा हिशेब असा. डीव्हीला तासाला साधारण १३ जीबी लागतात, एसपी असो वा एलपी. ६८ कॅसेट्स एलपीच्या धरल्या तर १०२ तास, म्हणजे सव्वातेराशे जीबीच्या आसपास. दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्हींवर सगळं ठेवा, आणि एक गावी, एक दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे. काम दुकानात दिलंत तर डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरची छोटी फाइल घेऊन समाधान मानू नका. मूळ डीव्ही फाइल मागा आणि काम देण्याआधीच तसं लिहून घ्या. कलाकारांच्या घरी व्हॉट्सअॅपवर पाठवायला लहान एमपीफोर नंतर कधीही करता येते, उलटा प्रवास होत नाही. सगळं उतरल्यावरही कॅसेट्स टाकू नका आणि त्यांची सेव्हची खिट्टी सरकवून ठेवा, म्हणजे चुकून कोणी त्यावर रेकॉर्ड करणार नाही.

आज संध्याकाळी एवढंच करा. प्रत्येक कॅसेटच्या लेबलचा आणि डबीतल्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा. कुठल्या प्रयोगात संकासुर कोणी केला, हार्मोनियमवर कोण होतं, हे वडिलांच्या अक्षरात तिथेच लिहिलेलं असेल, आणि ओलीत शाई टेपच्या आधी जाते. कॅमेरा सापडला तर त्याच्या तळाशी मॉडेल नंबर छापलेला असतो, तो इथे टाका. आत कॅसेट अडकलेली दिसली तर जोर लावू नका, तसंच मला कळवा. मॉडेल कळलं की एलपीचं, केबलचं आणि दुरुस्तीचं नेमकं सांगता येईल.